अभिलेखाधिकार-जतन

अभिलेखाधिकार-जतन : एखादा अभिलेख नव्याने लिहिला जात असता, त्याची नक्कल होत असता किंवा संगणकात तो पुन्हा साठविला जात असता त्यावरील वाचनाचे, लेखनाचे व दुरुस्तीचे अधिकार पूर्ववत राहावेत यासाठी केलेली व्यवस्था. कोणत्याही अभिलेखाचे दोन घटक असतात. पहिला, त्यातील मजकूर. दुसरा, तो मजकूर कोणी पाहावा, कोणी बदलावा आणि कोणापासून तो राखून ठेवावा हे ठरविणारी मर्यादा. नक्कल करणाऱ्याचे लक्ष साहजिकच मजकुराकडे असते. मर्यादा मात्र पुष्कळदा मुख्य मजकुरात नसते. ती समासात, शेऱ्यात, वहीच्या ताब्यात किंवा संगणकातील फाईलच्या नोंदीत असते. त्यामुळे मजकुराचे एक अक्षरही न हरवता अधिकार गळून पडू शकतात. कार्यालयीन सॉफ्टवेअरने दस्तऐवज साठविताना फाईलच्या परवानग्या नाहीशा होणे हा या दोषाचा आधुनिक प्रकार होय. त्याचे जुने रूप जमिनीच्या हक्कनोंदींत आढळते. गेल्या शतकात तीन राजवटी, तीन लिप्या आणि अनेक पुनर्लेखने पाहिलेला जालना जिल्हा त्या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

कागदी अभिलेखातील मर्यादा : कागदावर मर्यादा घालण्याच्या पद्धती महाराष्ट्रात जुन्या आहेत. शिवकालीन राजपत्रांच्या अखेरीस उमटविली जाणारी मर्यादामुद्रा ही पत्र येथे संपले असे दर्शवी व तिच्याखाली नवा मजकूर घुसविण्यास जागा ठेवीत नसे. पत्र दप्तरी नोंदले गेल्याचा ‘बार’ हा शेराही अशाच तपासणीचा भाग होता. येथे मर्यादा पत्राच्याच अंगावर होती. तथापि अशा पत्राची नक्कल केली असता मजकूर उतरे, मुद्रा उतरत नसे. नकलेला स्वतंत्र साक्ष लागे ती त्यामुळेच.

गावपातळीवरील कागदांची मर्यादा प्रायः त्यांच्या ताब्यावर अवलंबून होती. दप्तर रुमालात बांधून पटवाऱ्याच्या घरी असे. ज्याच्या घरी दप्तर, त्याच्याच हाती वाचन आणि लेखन असे दोन्ही अधिकार राहत. रयतेला आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे पाहण्यासाठीही त्याच्यावर विसंबावे लागे. वाचन, लेखन व प्रमाणन हे अधिकार वेगवेगळ्या हाती असावेत, हा विचार पुढील काळातील कायद्यांनी रूढ केला.

जालना परिसरातील हक्कनोंदी : आजचा जालना जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या मराठवाडा भागात होता. पहिल्या सालारजंगाच्या कारभारात १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. राज्यकारभाराची भाषा आधी फार्सी, नंतर उर्दू होती. गावच्या हिशेबात मोडी लिपीही चालत असे. त्यामुळे एकाच शेताचा इतिहास उर्दू, मोडी व देवनागरी अशा तीन लिप्यांत विखुरलेला सापडतो.

संस्थानाचे १७ सप्टेंबर १९४८ रोजी विलीनीकरण झाले. हक्कनोंदीविषयीचा विनियम १३५८ फसली (इ. स. १९४८–४९) या वर्षाचा असून त्यापाठोपाठ १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. या अधिनियमाने संरक्षित कूळ हा वर्ग निर्माण केला. मालकाचे नाव एका रकान्यात आणि कुळाचा हक्क दुसऱ्यात अशी स्थिती झाल्याने नकलेतील प्रत्येक रकान्याला कायदेशीर वजन आले. १९५४–५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यात आजही महत्त्वाचा पुरावा मानले जाते, कारण त्यात त्या वर्षी जमीन कोणाच्या नावे व कोणाच्या कब्जात होती याची नोंद आहे.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि हक्कनोंदणीच्या वह्यांचे नियम १९७१ मध्ये करण्यात आले. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, मिळून सातबारा, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याचे मुख्य कागद ठरले. एकत्रीकरण योजना राबविलेल्या गावांत सर्व्हे क्रमांकांची जागा गट क्रमांकांनी घेतली. त्यामुळे जुन्या पत्रकातील नोंद नव्या पत्रकात कोठे गेली हे जुळविणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. पुढे मंठा, बदनापूर व घनसावंगी हे तालुके होऊन तालुक्यांची संख्या आठ झाली. जिल्हा बदलला तरी गाव, गट व खातेदार तेच राहिले. बदलली ती वरिष्ठ कार्यालये.

पुनर्लेखन व गळती : संहितेच्या कलम १५० अन्वये जमिनीच्या हक्कातील बदल आधी फेरफार नोंदवहीत (गाव नमुना सहा) लिहिला जातो. तलाठी नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरते. लिहिणारा व प्रमाणित करणारा वेगळा असणे हे या पद्धतीचे मर्म होय. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडले जात नाही. त्याला कंस केला जातो आणि ज्या फेरफाराने बदल झाला त्याचा क्रमांक वर्तुळात लिहिला जातो. अशा रीतीने प्रत्येक नावामागे त्याचा आधार उभा राहतो.

सातबाऱ्याच्या वह्या साधारणतः दहा वर्षांनी नव्याने लिहिल्या जात. पुनर्लेखनात कंसातील, म्हणजे संपुष्टात आलेल्या, नोंदी वगळून चालू नोंदी पुढे आणावयाच्या असतात. गळती होण्याची जागा नेमकी हीच. खातेदाराचे नाव व क्षेत्र ठळक असल्याने ते सहसा सुटत नाहीत. सुटतात ते ‘इतर हक्क’ या रकान्यातील लहान शेरे : कुळाचे नाव, बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, बहिणींचे हक्क. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी व कमाल जमीनधारणा कायद्याखाली वाटप झालेल्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत; ही अट दर्शविणारा शेरा उतरविण्याचे राहिले, तर खरेदीदाराला ती जमीन निर्वेध दिसते. शेरा सुटल्याने मूळ हक्क कायद्याने नष्ट होत नाही. मात्र कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे ज्याचा शेरा गळला त्याच्यावर सिद्धतेचा भार पडतो आणि त्याला वीस–तीस वर्षांमागची वही शोधावी लागते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. परंतु दुरुस्तीसाठी आधी चूक कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

संगणकीय फाईलवरील परवानग्या : एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हा एकाचा मजकूर दुसऱ्यापासून राखण्याचा प्रश्न निर्माण झाला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सी. टी. एस. एस. या कालविभागी प्रणालीवर त्या दशकाच्या मध्यास घडलेली घटना या विषयात वारंवार सांगितली जाते. तेथील संपादन आज्ञावली काम चालू असताना एका ठरावीक नावाची तात्पुरती फाईल वापरीत असे. एक कर्मचारी सर्वांना दाखवावयाची दैनिक सूचना व दुसरा गुप्त परवलीच्या शब्दांची यादी एकाच वेळी संपादित करीत असता या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. परिणामी प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सर्वांचे परवलीचे शब्द दिसले. मूळ यादी सुरक्षित होती; धोका उत्पन्न झाला तो साठवणीच्या क्रियेतून.

याच संस्थेच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास आखलेल्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाईलला अधिकारधारकांची यादी जोडण्याची कल्पना होती. बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीने अधिक साधा मार्ग पत्करला. फाईलचा मालक, एक गट व इतर सर्व असे तीन वर्ग आणि वाचन, लेखन व कार्यान्वयन असे तीन अधिकार, अशा नऊ खुणांची ही पद्धत आहे. वाचनास ४, लेखनास २ व कार्यान्वयनास १ असे मूल्य देऊन प्रत्येक वर्गाची बेरीज लिहितात. उदा., ६६० म्हणजे मालकाला व गटाला वाचन-लेखन आणि इतरांना काहीही नाही. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी प्रणालीने अधिकारयादीची सविस्तर पद्धत स्वीकारली. लिनक्समध्येही २००३ च्या २.६ या आवृत्तीपासून अशा याद्यांची सोय मूळ गाभ्यातच मिळाली.

युनिक्स वंशातील प्रणालींत फाईलचे नाव एका ठिकाणी व फाईलची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते. फोल्डरमध्ये केवळ नाव आणि नोंदीचा क्रमांक असतो. मालक कोण, परवानग्या कोणत्या व मजकूर चकतीवर कोठे आहे ही माहिती त्या नोंदीत असते. परवानगी नावाला चिकटलेली नसून नोंदीला चिकटलेली असते, ही गोष्ट पुढील विवेचनात मध्यवर्ती आहे.

साठवणीची क्रिया : बदललेला दस्तऐवज दोन प्रकारे साठविता येतो. पहिल्या प्रकारात जुनी फाईल रिकामी करून तिच्यातच नवा मजकूर लिहितात. नोंद तीच राहिल्याने परवानग्या आपोआप टिकतात. मात्र लेखन चालू असताना वीज गेली, तर जुना मजकूर पुसलेला व नवा अर्धवट अशी दोन्हीकडून हानी होते. भारनियमन अनुभवलेल्या कार्यालयांना हा धोका समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण नवा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितात आणि ती पूर्ण झाल्यावर तिला जुन्या फाईलचे नाव देतात. नाव बदलण्याची क्रिया अखंड असल्याने कोणत्याही क्षणी जुना किंवा नवा यांपैकी एक दस्तऐवज पुरा हाती असतो. मजकुराच्या सुरक्षिततेसाठी अनेक संपादन व कार्यालयीन आज्ञावली हाच मार्ग धरतात.

परंतु या दुसऱ्या मार्गात नाव जुने राहते आणि नोंद नवी होते. नव्या नोंदीचा मालक साठविणारी व्यक्ती असते, गट सामान्यतः तिचा स्वतःचा असतो व परवानग्या तिच्या खात्याच्या नित्य ठेवणीप्रमाणे पडतात. समजा, एका कार्यालयात सामाईक फोल्डरमधील सेवाज्येष्ठतेच्या यादीवर ६६० अशी परवानगी आहे व शाखेतील पाच जण ती बदलू शकतात. त्यांपैकी एकाने ती उघडली, एक आकडा सुधारला व साठविली. त्याच्या खात्याची ठेवण नेहमीची असेल, तर नवी फाईल ६४४ अशी होते. एकाच क्रियेत दोन विपरीत गोष्टी घडतात : उरलेल्या चौघांचा लेखनाधिकार जातो आणि ज्यांनी यादी पाहू नये त्या सर्वांना ती वाचता येऊ लागते. मजकूर बिनचूक असल्याने पडद्यावर काहीच दिसत नाही. विंडोजमध्ये नवी फाईल सामान्यतः फोल्डरकडून परवानग्यांचा वारसा घेते. त्यामुळे त्या एका फाईलपुरत्या खास घातलेल्या मर्यादा गळतात. पेन ड्राइव्हवर प्रचलित असलेल्या फॅट रचनेत तर मालक व परवानगी यांना जागाच नाही; तेथे नक्कल होताच सर्व अधिकार संपतात.

जतनाचे उपाय : यांपैकी पहिला उपाय आज्ञावलीच्या रचनेत आहे. नावाची अदलाबदल करण्यापूर्वी जुन्या फाईलचा गट, परवानग्या व अधिकारयादी वाचून तात्पुरत्या फाईलला लावावी. तात्पुरती फाईल प्रथम केवळ मालकापुरती उघडी ठेवून नंतर आवश्यक तेवढे अधिकार वाढवावेत. आधी सर्वांना मोकळी ठेवून मागाहून बंद केल्यास मधल्या क्षणी मजकूर उघडा पडतो. विंडोज २००० पासून जुन्या फाईलची जागा घेताना तिचे गुणधर्म व अधिकारयादी नव्या फाईलकडे सोपविणारी स्वतंत्र प्रणाली-आज्ञा उपलब्ध झाली.

या उपायाला एक अंगभूत सीमा आहे. युनिक्स वंशात सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या फाईलची मालकी दुसऱ्याला देता येत नाही, आणि आपण ज्याचे सभासद नाही असा गटही लावता येत नाही. ही बंधने सुरक्षिततेसाठीच असल्याने ती दूर करणे इष्ट नाही. म्हणून सावध आज्ञावली आधी फाईलची मालकी तपासतात आणि ती दुसऱ्याची असल्यास, सुरक्षित प्रत बाजूला ठेवून जुन्या फाईलमध्येच लेखन करतात. व्हिम या संपादकातील या निवडीची स्वयंचलित सोय हे त्याचे परिचित उदाहरण होय.

दुसरा उपाय प्रशासकाच्या हाती आहे. फाईल-फाईलवर परवानग्या घालण्याऐवजी त्या फोल्डरवर घालाव्यात व नवी फाईल त्यांचा वारसा घेईल अशी योजना करावी. तिसरा उपाय म्हणजे महत्त्वाचा अभिलेख स्वतंत्र फाईल म्हणून न ठेवता माहितीकोशात ठेवणे. तेथे अधिकार पदांना दिलेले असतात व मजकूर बदलल्याने पदांचे अधिकार बदलत नाहीत.

संगणकीकृत सातबारा : भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. महाराष्ट्रातील ई-फेरफार प्रणालीने वर सांगितलेला तिसरा उपाय स्वीकारला. नोंद तयार करण्याचा अधिकार तलाठ्याच्या व प्रमाणनाचा मंडळ अधिकाऱ्याच्या प्रवेशखात्याला असून जुन्या वहीतील अधिकारविभागणी अशा रीतीने नव्या माध्यमात उतरली. २०२४ मध्ये तलाठी पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले. पदनाम बदलले तरी अधिकार पदाकडेच राहिले.

मात्र हस्तलिखितावरून संगणकात माहिती भरणे हे स्वतःच एक पुनर्लेखन होते, आणि दहासाला पुनर्लेखनातील दोष त्यातही संभवत होते. म्हणून प्रत्येक सातबारा मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी प्रणालीत एडिट व पुढे री-एडिट या सोयी करण्यात आल्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन घेऊन संगणकातील सातबारे ग्रामस्थांसमोर वाचून दाखविण्यात आले. गळलेला शेरा ओळखण्यास हा मार्ग विशेष उपयुक्त होता, कारण वहिवाटीचा रस्ता किंवा विहिरीचा हिस्सा कागदावरून सुटला तरी गावाच्या स्मरणातून सुटत नाही. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा महाजालावर उपलब्ध झाला. अंकीय स्वाक्षरी व परवानगी यांत फरक केला पाहिजे. परवानगी अनधिकृत बदलाला अटकाव करते. स्वाक्षरी बदल रोखत नाही, तो झाल्याचे उघड करते. शिवाय ती मजकुराशीच बद्ध असल्याने फाईल कोठेही नेली तरी टिकते. तथापि मूळ नोंदीतच शेरा सुटला असेल, तर स्वाक्षरी त्या अपुऱ्या नोंदीलाच प्रमाणित करते.

मूळ प्रतीचे स्थान : नकलेच्या गळतीवर अखेरचा उपाय मूळ प्रत हाच होय. जालना जिल्ह्यात याचा ठळक प्रत्यय २०२३ मध्ये आला. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आरक्षण-आंदोलनानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू व मोडी अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढील नकलांत ज्याची गरज वाटली नव्हती, असा नावापुढील एक शब्द शोधण्यासाठी अभिलेख कक्षांतील जुनी दप्तरे सोडावी लागली. कोणता तपशील पुढे निर्णायक ठरेल हे नक्कल करणाऱ्याला ठाऊक नसते. यास्तव नवी प्रत सिद्ध झाली म्हणून जुनी नष्ट करू नये, हा अभिलेखपालनाचा संकेत आहे. संगणकातही जुन्या आवृत्त्या त्यांच्या परवानग्यांसह राखून ठेवणे हे त्याच संकेताचे पालन होय. सार्वजनिक अभिलेखांच्या अभिरक्षेसाठी केंद्राने १९९३ मध्ये व महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला आहे.

दहासाला वही उतरविणारा तलाठी आणि दस्तऐवज साठविणारी आज्ञावली यांच्या हातून होणारी हानी तंतोतंत एकच नव्हे. पहिल्या प्रकारात जमिनीवरील हक्क सुटतो, तर दुसऱ्यात अभिलेखावरील अधिकार. कारण मात्र समान आहे : अभिलेख म्हणजे त्यातील मुख्य मजकूर एवढीच समजूत. दोन्ही ठिकाणी हानी निमूटपणे होते आणि ज्याचा अधिकार गेला त्याला ती प्रसंग आल्यावरच कळते. नक्कल पुरी झाली की नाही हे ठरविताना मजकुराबरोबर मर्यादाही ताडून पाहणे आणि ती तपासणी नक्कल करणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीकडून करविणे, ही अभिलेखाधिकार-जतनाची किमान अट मानली पाहिजे.